चौथा सूर

पहिली तक्रार ओमानहून आली. ‘आम्ही समुद्रात चार तरंगते बोये टाकले आहेत. तुमचं “हाक” हे उदाहरण पाच शेजारी दाखवतं. कृपया दुरुस्त करा.’ हेमांगी कोयंडेने ती वाचली, समुद्राच्या तळावरून आवाज उलटून येत असणार असं उत्तर लिहिलं आणि तक्रार बंद केली. दुसरी केरळातून आली. तिलाही तेच उत्तर गेलं. तिसरी तक्रार मात्र तिच्या सख्ख्या भावाने, ओल्या पायांनी पडवीत येऊन, तोंडावरच केली.

“हेमा, तुझा ता यंत्र खोटा बोलता,” उल्हासदादा म्हणाला. “मी सहा बोये टाकलंय, ता सात दाखवता.”

“पडसाद असतलो रे. तळावरसून आवाज परत येता.”

“पडसाद फिरता काय? सकाळी तो सातवो लांब होतो, मगे जवळ ईलो, मगे परत लांब गेलो.”

हेमांगीचे हात कीबोर्डवर थांबले. पडसाद फिरत नाही.

“माका घेऊन चल,” ती उठत म्हणाली.

“आधी जेवूक तरी दी.”

मालवणच्या उत्तरेला तोंडवळीच्या किनाऱ्यावर त्यांचं घर होतं. उल्हासची होडी होती आणि हेमांगी घरी बसून ‘मुंगी’चं काम करायची. मुंगी ही एक ऑपरेटिंग सिस्टीम. फोनमध्ये असते तशीच, पण नखाएवढ्या चिपवर मावणारी. पाण्याचे मीटर, शेतातले पंप, गुरांच्या गळ्यातले पट्टे, दारांची कुलुपं असल्या हजार वस्तूंमध्ये ती गुपचूप चालायची. जगभरातली माणसं मिळून ती लिहीत. कुणीही ती फुकट घ्यावी, हवी तशी बदलावी. नवख्याला शिकता यावं म्हणून तिच्यासोबत छोटी छोटी उदाहरणं येत: दिवा लुकलुकवणं, तापमान मोजणं, दोन यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावणं. या उदाहरणांची निगा हेमांगीकडे होती. मूळ प्रणालीत काही बदललं की उदाहरणं मोडत. ती दुरुस्त करायची, नाना तऱ्हेच्या चिपांवर चालवून बघायची आणि तरीही शाळकरी पोराला कळतील इतकी सोपी ठेवायची. या कामाला कुणी टाळ्या वाजवत नसे. पण त्यातून हेमांगीला एक गोष्ट पक्की कळली होती. लोक माहितीपुस्तिका वाचत नाहीत. ते उदाहरण उचलतात, वरचं नाव बदलतात आणि माल बाजारात पाठवतात.

‘हाक’चं तेच झालं होतं. लाटांच्या हेलकाव्यांवर स्वतःची वीज बनवणारे, नारळाएवढे स्वस्त बोये निघाले तेव्हा जाळी हरवू नयेत म्हणून कोळ्यांनी ते जाळ्यांना बांधायला सुरुवात केली. पाण्याखाली रेडिओ चालत नाही. आवाज मात्र सेकंदाला दीड किलोमीटर धावतो. म्हणून बोया तीन सूर काढायचा: खालचा, वरचा, मधला. दुसऱ्या बोयाने ते ऐकले की तोही तेच तीन सूर परत पाठवायचा. उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळायचं, आणि जो उत्तर देईल तो ‘शेजारी’ म्हणून मोजला जायचा. हे सगळं हेमांगीने शिकवण्यासाठी लिहिलं होतं. आलेखावर तीन ठळक पायऱ्या दिसाव्यात, एवढ्याचसाठी तिने ते सूर निवडले होते. बोये बनवणाऱ्या कारखान्यांनी ते उदाहरण जसंच्या तसं उचललं, आणि आता ओमानपासून कन्याकुमारीपर्यंत अख्ख्या किनाऱ्यावर तिचेच तीन सूर घुमत होते.

दुपार कलती झाली तेव्हा होडी जाळ्यापाशी पोचली. उल्हासने मशीन बंद केलं. पाणी काचेसारखं सपाट होतं. हेमांगीने मांडीवर लॅपटॉप उघडला आणि पाण्यात ऐकण्याचा माइक सोडला. कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये सहा बोये शांतपणे एकमेकांना हाका मारत होते.

मग सातवा बोलला.

सूर तेच होते, पण बोयासारखे सरळ नव्हते. कडा जराशा लवलेल्या, जणू कुणी शीळ घालत होतं. पडद्यावर अंतर दिसलं: चारशे मीटर. मग तीनशे. मग दीडशे. पन्नास. वीस. होडीच्या अगदी शेजारी पाणी फुटलं, एक करडी पाठ वर आली, फुस्स करून श्वास सुटला आणि ती पाठ पुन्हा खाली गेली. कानात परत तीन सूर वाजले. सहाच्या सहा बोयांनी इमानदारीत उत्तर दिलं.

“डॉल्फिनान उत्तर दिल्यान?” उल्हास हळूच म्हणाला.

“डॉल्फिनान हाक मारल्यान,” हेमांगी म्हणाली. “उत्तर आमच्या बोयांनी दिला.” ओमान आणि केरळच्या बंद केलेल्या तक्रारी तिने तिथेच, होडीत बसून, पुन्हा उघडल्या.

हेमांगीचा निरोप मिळताच दोन दिवसांत रत्नागिरीहून झीनत मुकादम येऊन थडकली. या किनाऱ्यावरच्या डॉल्फिनांचे आवाज गोळा करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. आल्या आल्या तिने चप्पलही न काढता होडीतलं ते ध्वनिमुद्रण ऐकलं, पुन्हा ऐकलं आणि मग पडवीतच खाली बसली.

“प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची एक शीळ असते,” तिने समजावलं. “आपल्या नावासारखी. दुसऱ्याची शीळ उचलून त्याला बोलावणंही त्यांना जमतं. त्यामुळे नक्कल करणं नवं नाही. ते ही नक्कल कधी करतात, ते शोधायला हवं.”

मग त्या दोघी रोज पहाटे समुद्रात जाऊ लागल्या. उल्हास कधी कुरकुरत, कधी स्वतःहून त्यांना नेई. जाळी होती तिथे सूर मिळाले, पण त्यातून काही सिद्ध होत नव्हतं. तिथे बोयेही होतेच. अखेर एका सकाळी उत्तरेकडच्या खडकांपाशी त्यांना हवं ते सापडलं. तिथे कुणाचं तरी जुनं, तुटलेलं जाळं पाण्याखाली लटकत होतं. बोया एकही नव्हता. एक मादी आपल्या पिल्लाला घेऊन त्या बाजूने येत होती. खडक जवळ येताच तिने तीन सूर काढले. पिल्लू ताडकन वळलं आणि आईच्या दुसऱ्या बाजूला गेलं.

झीनतने हेमांगीचा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ उठला.

“त्यांनी तुझ्या हाकेचा अर्थ लावलाय. जिथे हे सूर, तिथे जाळं. आता तो त्यांचा शब्द आहे, हेमांगी. आई लेकराला शिकवते आहे. म्हणून तर अलीकडे जाळ्यात अडकून मेलेले डॉल्फिन मला सापडेनासे झालेत. मी समजत होते की ते संपत आले.”

हेमांगीला हसू आवरेना. आपण लिहिलेली कोडची ओळ जगात कुठे कुठे पोचते हे तिने पाहिलं होतं. एकदा तर एका देशातल्या लिफ्टमध्ये तिचं दिव्याचं उदाहरण निघालं होतं. पण पाण्याखाली कुणी ती आपल्या पोरांना शिकवत असेल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात ती ‘हाक’ काढून टाकणार होती.

मुंगीची नवी आवृत्ती तयार होत होती. तिच्यात आवाजाचा भाग सगळा नव्याने लिहिला होता. तीन सुरांच्या जागी एकच सरकता, घसरगुंडीसारखा सूर. त्याने अंतर जास्त नेमकं कळे आणि वीज कमी लागे. बदल हेमांगीनेच करून ठेवला होता. तो प्रसिद्ध झाला असता तर बंदरात परतलेल्या बोयांनी आपसूक तो उतरवून घेतला असता, आणि एका पंधरवड्यात किनाऱ्यावरचा तो शब्द पुसला गेला असता.

तिने फिनलंडमधल्या आयनोला व्हिडिओवर गाठलं. आयनो आवृत्त्यांचं काम बघायची. तिने सगळं शांतपणे ऐकलं.

“माझा तुझ्यावर विश्वास आहे,” ती म्हणाली, “पण उदाहरण शिकवण्यासाठी असतं. कुणी ते कशासाठी वापरलं याची जबाबदारी आपण घेऊ लागलो, तर एकही ओळ कधी बदलता येणार नाही.”

“बरोबर आहे. पण आयनो, आपण लोकांना सांगतो की ज्या गोष्टीवर दुसरं कुणी अवलंबून आहे ती न विचारता मोडू नका. हे ऐकणारेही वापरकर्तेच आहेत. फक्त ते तक्रार लिहू शकत नाहीत.”

आयनो म्हणाली, “ते ध्वनिमुद्रण पुन्हा एकदा लाव.” तिने ते डोळे मिटून ऐकलं. ‘हाक’ राहिली. नव्या सुराचं वेगळं उदाहरण झालं आणि ‘हाक’च्या माथ्यावर हेमांगीने एक टीप लिहिली: ‘हे सूर बदलू नका. ते ऐकणारे आहेत.’

बातमी फुटायला वेळ लागला नाही. वाहिन्यांचे लोक आले, वाळूत उभे राहून बोलून गेले. आणि एका संध्याकाळी उल्हास मच्छीमार संस्थेच्या बैठकीहून आला तो थेट हेमांगीच्या टेबलाशी.

“बोयो बोललो की डॉल्फिन जवळ येत नाय. बरोबर?”

“थय जाळा असता म्हणान येत नाय.”

“मगे आम्ही जाळ्याशिवाय बोये टाकतलंव. सगळ्या खाडीच्या तोंडार. ते बांगड्यांचो थवो खावन टाकतत, आमका शिल्लक रवणा नाय. तू फक्त असा कर की बोये सारखे ओरडत रवतले.”

“दादा, ता खोटा बोलणा झाला.”

“माशांशी कसला खरा नि खोटा?”

“ते मासे नाय. आणि एकदा तेंका कळला की हाक खोटी असा, की खऱ्या जाळ्यापाशी पण ते ऐकूचे नाय.”

“तेंका पोरां असत, माका पण असत,” उल्हास म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. “तू माझी भैण की तेंची?”

तिने नकार दिला. तो दाराबाहेर गेला आणि त्यानंतर भाऊ-बहीण एकाच घरात राहून एकमेकांशी कामापुरतंच बोलू लागले. तिला त्याला अडवता येणार नव्हतं. मुंगी सगळ्यांची होती, त्याचीसुद्धा. एका कारखानदाराने उदाहरणातल्या दोन ओळी बदलून दिल्या आणि खाडीच्या तोंडाशी बिनजाळ्याच्या बोयांची रांग लागली.

सुरुवातीला तर धमाल उडाली. डॉल्फिन दूर गेले. होड्या बांगड्यांनी अशा भरून यायच्या की काठावरून पाणी आत येईल की काय वाटावं. लिलावात माणसांचा नुसता गलका. उल्हासने नवं कांडाळ घेतलं, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं बारीक धाग्याचं जाळं. हेमांगीच्या ताटात वहिनीने बांगडा वाढला. हेमांगीने तो मुकाट्याने खाल्ला.

पण डॉल्फिन मूर्ख नव्हते. बोया हाक मारतोय आणि तिथे जाळं नाही, हे एकाला कळलं असावं, मग सगळ्यांना. ते परत आले. बोयांच्या मधून आरामात ये-जा करू लागले.

एका सकाळी हेमांगीचा फोन वाजला. उल्हास समुद्रातून बोलत होता.

“हेमा, पिल्लू अडाकलाहा जाळ्यात. तेची आवस होडयेभोवती फिरता. काय करू?”

“नाक पाण्याच्या वर धर तेचा. आणि जाळा काप.”

“नवा जाळा असा गो.”

फोनमध्ये पाण्याचा खळखळाट ऐकू येत होता, आणि फुस्स फुस्स असा कुणाचा तरी घाईचा श्वास. मग उल्हास खलाशाला ओरडला, “सुरी दी.” बराच वेळ नुसती धडपड ऐकू आली. हेमांगी पडवीत उभी होती, फोन कानावर इतका दाबून की कान दुखायला लागला.

“गेला,” उल्हास म्हणाला. तो धापा टाकत होता. “जिता असा. आवशीबरोबर गेला.” आणि मग: “माका बघून गेली ती, हेमा.”

त्याच दिवशी त्याने आपले बिनजाळ्याचे बोये काढून आणले. संस्थेच्या बैठकीत त्याने काय सांगितलं ते हेमांगीला वहिनीकडून कळलं. काहींनी त्याला वेड्यात काढलं, पण बहुतेकांनी बोये काढले. थोडे राहिले.

पण किनाऱ्यावरचे डॉल्फिनांचे सूर थांबले होते. सगळ्या बोयांचे आकडे झीनत रोज बघायची. सहा बोये, सहाच शेजारी. “त्यांनी शब्द टाकून दिला,” ती म्हणाली.

हेमांगी मात्र हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. खोटी हाक मारताच येऊ नये असं उदाहरण तिला लिहायचं होतं. बोया लाटांवर हलतो तेव्हाच त्याची वीज बनते. त्याला जाळ्याचं ओझं असलं की तो सुस्त हलतो, मोकळा असला की नाचतो. म्हणजे विजेच्या चढउतारावरूनच बोयाला कळू शकेल की आपल्या खाली जाळं आहे की नाही. वेगळा भाग बसवायची गरज नाही, दहाबारा ओळी पुरतात. ओझं असेल तरच हाक. लोक उदाहरण जसंच्या तसं उचलतात हे तिला ठाऊक होतं. मग ते उचलतील तेच खरं बोलणारं असू दे.

ते तपासताना तिने आवाज गाळणारा भाग बंद ठेवला, म्हणजे समुद्रातलं सगळंच्या सगळं पडद्यावर येईल. आणि आलेखावर तिला पायऱ्या दिसल्या. चार.

आपलीच चूक असणार, असं समजून ती अर्धा दिवस कोड धुंडाळत राहिली. चूक नव्हती. खालचा, वरचा, मधला, आणि मग खाली लवत जाणारा एक आखूड सूर. ‘हाक’ला तीनच सूर ठाऊक होते. चौथा आला की ती सगळंच गोंगाट म्हणून फेकून देत होती. समुद्र गप्प झालेला नव्हता. यंत्राला ऐकू येत नव्हतं.

झीनत मिळेल त्या गाडीने आली. दोघींनी जागा ताडून बघितल्या. जिथे खरं जाळं, तिथे डॉल्फिन चार सूर काढत होते. जिथे नुसता बोया ओरडत होता, तिथे ते काहीच बोलत नव्हते.

“म्हणजे तीन सूर म्हणजे बोयाचं बोलणं,” झीनत एकेक शब्द तोलत म्हणाली, “आणि चार म्हणजे खरोखरचं जाळं. खोटं त्यांनी वेगळं काढलं.”

“त्यांनी माझं उदाहरण दुरुस्त केलं,” हेमांगी म्हणाली आणि खुर्चीवरून उठून अंगणात दोन फेऱ्या मारून आली, कारण तिला बसवतच नव्हतं.

तिने चौथा सूर ‘हाक’मध्ये घातला. ओझं असेल तर चार सूर, नसेल तर मौन. दुसऱ्या दिवशी तिने उल्हासपुढे सहा बोये ठेवले. तो काही न विचारता ते उचलून होडीकडे चालू लागला, आणि ती मागोमाग.

ऊन वर आलं तेव्हा कळप आला. नवे बोये बोलले. पुढची मादी थबकली. तिच्याकडून चार सूर आले, बोयांनी चार सूर परत दिले, आणि सबंध कळप, पिल्लांसकट, जाळ्याला मोठा वळसा घालून गेला. उल्हास वल्हं हातात धरून बघत राहिला.

“माका चुकला,” तो म्हणाला.

“माका पण ओमानवाल्यांका पडसाद म्हणान सांगूक नको होता,” हेमांगी म्हणाली. दोघंही हसले.

आयनोने नवा बदल तपासला, दोन बारीक खोडी काढल्या आणि शेवटी विचारलं, “दुरुस्ती सुचवणाऱ्याचं नाव लागतं. काय लिहायचं?” हेमांगीने ‘तोंडवळीचा कळप’ असं लिहिलं. आयनोने ते मंजूर केलं.

आवृत्ती सोमवारी प्रसिद्ध व्हायची होती. रविवारी दुपारी, उल्हास पडवीत जाळं शिवत असताना, कारवारच्या एका कॉलेजातल्या शिक्षिकेची तक्रार आली. ‘आमच्या बोयांवर जुनीच “हाक” आहे. इथे कुणीही काही बदललेलं नाही, बिनजाळ्याचे बोयेही इथे कधी नव्हते. पण गेल्या आठवड्यापासून आमच्या ध्वनिमुद्रणात तीन सुरांनंतर एक चौथा सूर येतो आहे. तो कुठून आला असेल?’

हेमांगीने ती मोठ्याने वाचून दाखवली.

“कारवारात?” उल्हासने सुई खाली ठेवली. “तू धाडलं तेंका?”

“मी अजून कोणाकच धाडूक नाय.”

मधे वेंगुर्ला होतं, गोव्याचा सगळा किनारा होता, आणि प्रत्येक खाडीत एकेक वेगळा कळप. एकाने दुसऱ्याला सांगितलं असणार, दुसऱ्याने तिसऱ्याला. उल्हास उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. हेमांगीने सोमवारची वाट बघितली नाही. तिने आयनोला दोन ओळी लिहिल्या, तिचा होकार येताच आवृत्ती जगासाठी मोकळी केली, आणि मग कारवारच्या बाईंना उत्तर लिहायला घेतलं: ‘चूक नाही. नवी आवृत्ती आहे. ती तुमच्याकडे आमच्याआधी पोचली, एवढंच.’